‘साइड!’ ते ‘चालू द्या आजोबा’: पानशेत रस्त्यावरच्या एका गावातलं प्रकरण

हे प्रकरण खडकवासल्याच्या पुढे, पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातलं आहे. गावाचं, सायकल गटाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. रविवारी पहाटे पुण्याबाहेर पडणाऱ्या कुठल्याही गटाला उपयोगी पडेल म्हणून त्यातले तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

गट पुण्याच्या पश्चिम भागातला. नियमित येणारे २० ते २५ जण, वय तिशी ते साठी. बहुतेकांकडे रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, चारपाच जणांकडे हायब्रिड, म्हणजे जरा जाड टायरची, सरळ हँडलची. राजाराम पुलाजवळून साडेपाचला निघायचं, धायरी फाटा, किरकटवाडी, खडकवासला करत डोणज्याकडे वळायचं आणि पुढे जमेल तितकं जाऊन परत यायचं. सहा वर्षं हाच रस्ता आणि हीच वेळ.

वाटेतलं हे गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलंय. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत जेमतेम सव्वा किलोमीटर. पुण्याकडून येताना गावात शिरतानाच हलका उतार आहे, म्हणून सायकल आपोआप वेग घेते. उताराच्या शेवटी देऊळ, त्याला लागून दूध संकलन केंद्र, समोर हापसा. डांबर दोन गाड्या कशाबशा निघतील इतकंच रुंद. डांबराची कड आणि मातीची साइडपट्टी यांच्यात तीन-चार इंचांची पायरी. दुचाकीवाला भरल्या वजनानिशी त्या पायरीवरून खाली उतरला तर पडणारच. २५-२८ मिलिमीटरच्या टायरवरच्या सायकलवाल्यालाही ते जमत नाही. म्हणजे समोरासमोर आल्यावर दोघांनाही डांबर सोडता येत नाही. पुढचं सगळं या पायरीमुळे घडलं, म्हणून ती लक्षात ठेवावी.

संकलन सकाळी सहा ते साडेसात. वेळ टळली की टेम्पो निघून जातो आणि दूध घरी परत न्यावं लागतं. त्यामुळे या दीड तासात रस्त्यावर असलेला प्रत्येक माणूस घाईत असतो. सायकलवाल्यांची गावातून जाण्याची वेळ साधारण सहा चाळीस. सहा वर्षं ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर पडत होती आणि गटातल्या एकालाही केंद्र कधी उघडतं हे माहीत नव्हतं.

काय घडलं

डिसेंबरातला रविवार. त्या महिन्यात पुण्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो, म्हणजे सहा चाळीसला झुंजूमुंजू. रस्ता दिसतो, पण माणसाच्या अंगावरचा करडा स्वेटर दिसत नाही. २२ सायकली एकाच घोळक्यात, पुढच्या रांगा तीन-तीनच्या. उतारावर वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास.

सत्तरीचे एक आजोबा पाच लिटरची किटली घेऊन डाव्या कडेने डेअरीकडे चालले होते. पहिल्या रांगेतल्या सायकलस्वाराने त्यांच्या सहा-सात मीटर मागून ओरडून सांगितलं, “साइड, साइड!” आजोबांनी उजवीकडे मान वळवली आणि मानेबरोबर पाऊलही उजवीकडे पडलं. पहिल्या दोन रांगा चुकवून गेल्या. तिसऱ्या रांगेतल्याने ब्रेक दाबला, मागच्याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि दोघे आडवे झाले. समोरून मोटारसायकलवर दूधवाला येत होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. त्याने पडलेली सायकल पाहून ब्रेक मारला, वाळूवर चाक घसरलं आणि गाडी कलंडली. एका कॅनचं झाकण उडालं आणि सतराएक लिटर दूध डांबरावरून देवळाच्या पायरीपर्यंत गेलं.

मोठी दुखापत कुणालाच झाली नाही. एका सायकलस्वाराचं कोपर सोललं आणि आजोबांचा गुडघा खरचटला. पण घसरून पडण्यापेक्षा पुढच्या पाच मिनिटांत जे झालं, त्याने प्रकरण चिघळलं.

पुढे निघून गेलेले थांबले नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना मागे काय झालं हे कळलंच नव्हतं, पण गावाला ते दिसलं तसंच दिसलं: पाडून निघून गेले. मागे उरलेल्यांपैकी एकाने, सायकलवर टांग टाकलेलीच ठेवून, हेल्मेट आणि गॉगल न काढता, पाचशेची नोट पुढे केली. आजोबांना लागलंय का हे विचारायच्या आधी. दूधवाला त्यावर म्हणाला, “पैसं ठेवा खिशात. आधी म्हाताऱ्याला उठवा.” त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, घाबरला होता एवढंच. पण नोट आधी आली आणि हात नंतर, हे गावात आजही सांगितलं जातं.

पुढच्या रविवारी त्याच ठिकाणी रस्त्यात ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी लावलेली होती. बस आली की ट्रॅक्टर मागे घ्यायचे, सायकली आल्या की पुढे. चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी गट परत फिरला.

अडचण नक्की कुठे होती

गटाच्या व्हॉट्सॲपवर त्या आठवड्यात जो वाद झाला तो ‘चूक कुणाची’ यावर. म्हाताऱ्याने मध्ये यायला नको होतं. रस्ता सगळ्यांचा आहे. आम्ही तर ओरडून सांगितलं होतं. हे तिसरं वाक्य तपासण्यासारखं आहे.

ताशी २८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. आजोबा त्याच दिशेने चालत होते, त्यांचा वेग वजा केला तरी सात मीटरवरून दिलेला इशारा आणि सायकल यांच्यात जेमतेम एक सेकंद उरतो. एवढ्या वेळात माणूस दचकू शकतो; काय ऐकलं ते समजून घेऊन पाऊल ठरवणं त्याला शक्य नसतं. त्यात ‘साइड’ हा शब्द कुठली साइड ते सांगत नाही आणि कानाला हुकमासारखा लागतो. तेव्हा इशारा दिला होता हे खरं असलं तरी उपयोगाचा इशारा दिला नव्हता. उलट, काहीच न ओरडता गेले असते तर आजोबा सरळ चालत राहिले असते, अशीही शक्यता मोठी आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा प्रत्येक सायकलीला घंटी असायची, आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचे. आजच्या रोड बाइकला कंपनीकडून घंटी बहुतेक येतच नाही. या गटातल्या २२ सायकलींपैकी पाचांना घंटी होती. त्यातल्या तीन एकच बारीक ‘टिंग’ करणाऱ्या. वय वाढतं तसं आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणजे ज्यांच्यासाठी घंटी सर्वात गरजेची, त्यांनाच ती ऐकू जात नाही.

तिसरी गोष्ट दूधवाल्याची. चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की दुधाचंच वजन ८२ किलोच्या वर जातं, कॅनचं वेगळं. अर्धवट भरलेला कॅन तर आणखी त्रासाचा, कारण ब्रेक मारला की आतलं दूध पुढे उसळतं आणि गाडीला ढकलतं. हा माणूस झटकन थांबू शकत नाही, झटकन वळू शकत नाही, साइडपट्टीवर उतरू शकत नाही. समोरून तीन सायकली शेजारी-शेजारी आल्या की त्याच्याकडे काही उपायच राहत नाही. यात सर्वात हलकं आणि सर्वात सहज थांबणारं वाहन सायकल होतं. म्हणून जागा करून देणं सायकलवाल्यांकडेच येतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणते पर्याय होते

रस्ता बदलणे. कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव घाट. बऱ्याच जणांना हे सोपं वाटलं. पण तिथेही गावं आहेत, दूधवाले आहेत, सकाळी फिरणारी माणसं आहेत. सवय तीच राहिली तर नुसतं गाव बदलेल.

वेळ बदलणे. पाचला निघालं तर गावातून काळोखात जावं लागतं. आठनंतर जावं तर सिंहगडावर निघालेल्या मोटारींची गर्दी सुरू होते. दोन्हीकडे धोका वाढतो.

रस्ता अडवल्याची पोलिसांत तक्रार. कायद्याने ती करता आली असती. गटातल्या एका वकील सदस्यानेच विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की तक्रारीने ट्रॅक्टर हटेल, पण दर रविवारी त्याच माणसांच्या दारातून पहाटे जायचं आहे.

जाऊन बोलणे, भरपाई देणे आणि चालवण्याची पद्धत बदलणे. याला वेळ लागणार होता आणि गटातले वेगवान सदस्य नाराज होणार होते. तरी शेवटी हेच ठरलं. मतदानात फरक फार थोडा होता.

काय केलं

ट्रॅक्टरच्या रविवारनंतरच्या बुधवारी तिघे गेले. सायकलवर नाही, दोन स्कूटरवर, रोजच्या कपड्यांत. त्यात एक साठीचे काका आणि गटातल्या एक ताई होत्या. पोचायची वेळ पावणेआठ, म्हणजे टेम्पो निघून गेल्यावर. आधी आजोबांच्या घरी. चहा झाला, गुडघ्याची चौकशी झाली, मग आजोबांनीच दूधवाल्याला निरोप धाडला. भरपाई डेअरीच्या त्या दिवशीच्या पावतीवरच्या भावाने काढली: सांडलेलं दूध, इंडिकेटर, वाकलेला ब्रेक लिव्हर, मिळून १,४०० रुपयांच्या आत. पावतीवरून हिशेब केल्यामुळे घासाघीस झाली नाही आणि उपकारही वाटले नाहीत.

मग गावाने जे सांगितलं, त्यातलं निम्मं गटाला नवीन होतं. डोळ्यांवर येणारे लुकलुकते दिवे. हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांसमोरून हेल्मेटवरचा कॅमेरा चालू ठेवून जाणं. देवळामागच्या ओढ्याकाठी लघवीला थांबणं. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं गोठ्याजवळ सापडणं, जी जनावराच्या पोटात जाऊ शकतात. एक बाई म्हणाल्या, “सहा वर्षं जाताय, कधी कुणी रामराम घातला नाही.” वेगाची तक्रार यानंतर आली.

परत आल्यावर गटाने गावापुरते नियम लिहिले. पहिल्या चार रविवारी त्यात दुरुस्त्या होत गेल्या. त्या दुरुस्त्या या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग आहे.

*तुकड्या.* २२ जण एका ओळीत गेले तर ओळ साठेक मीटरची होते. ताशी ४० ने येणाऱ्या जीपला ताशी २० ने चाललेली ती ओळ ओलांडायला पुढेमागे सुरक्षित अंतर धरून १७० मीटरच्या आसपास मोकळा रस्ता लागतो. या वळणांच्या रस्त्यावर तो मिळत नाही. सात जणांच्या ओळीला त्याच्या निम्मा पुरतो. म्हणून सात-आठच्या तीन तुकड्या, दोन तुकड्यांत किमान १५० मीटर. गावाबाहेर रुंद, सरळ रस्त्यावर दोन-दोनची रांग चालेल, कारण ती लांबीला कमी असते. गावात एकामागे एक.

*वेग.* पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत ताशी १५. उतारावर हा वेग आपोआप राहत नाही, ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरावं लागतं. क्लिटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे बूट घालणाऱ्यांनी उतार सुरू व्हायच्या आधीच एक पाय सोडवायचा, कारण घाईत पाय सुटत नाही आणि माणूस उभ्या-उभ्या पडतो.

*घंटी.* सर्वांनी अंगठ्याने फिरवायची जुन्या पद्धतीची घंटी घ्यायची ठरली, कारण ‘ट्रिंग-ट्रिंग’ ऐकलं की कुणालाही न पाहता सायकल आहे हे कळतं. इथे अडचण आली. ही घंटी साध्या हँडलच्या २२.२ मिलिमीटर जाडीसाठी असते, रोड बाइकच्या हँडलचा मधला भाग ३१.८ चा. काहींनी रबरी पट्ट्याच्या घंट्या लावल्या, पण आवाज दबका. शेवटी दिवा लावायला मिळणारी छोटी आडवी दांडी हँडलवर बसवून त्यावर घंटी लावली. ती ब्रेकवरचा हात न सोडता पोचेल अशीच हवी. हात लांब न्यावा लागला की माणूस घंटी उशिरा वाजवतो, आणि उशिराची घंटी पुन्हा त्याच एका सेकंदावर येते.

घंटी २० मीटरवरून वाजवायची. सायकलचा वेग ताशी १५ असेल तर पायी चालणाऱ्या माणसापर्यंत पोचायला त्यानंतर सहाएक सेकंद मिळतात. मग पायडल थांबवायचं. पायडल थांबलं की मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची कटकट ऐकू येते, आणि सायकल किती जवळ आली याचा अंदाज माणसाला तिच्यावरून येतो.

*शब्द.* पहिल्या रविवारी ‘उजवीकडून येतोय’ असं म्हणायचं ठरलं होतं. ते फसलं. माणसं ‘उजवीकडून’ ऐकून उजवीकडे सरकली. दुसऱ्या रविवारी ‘सावकाश’ म्हणून पाहिलं, तर लोक थांबून वळून बघू लागले. सायकलवाल्याला हवं असतं ते एवढंच की समोरच्याने आहे तसं चालत राहावं, वळसा आपण घालू. म्हणून तिसऱ्या रविवारपासून: “चालू द्या आजोबा, मागून सायकली आहेत.” बाईमाणसाला मावशी किंवा ताई, तरुणाला दादा. लोक खरोखरच चालत राहिले.

त्यातही एक गोष्ट उरली होती. पहिली सायकल गेली की माणूस मोकळा झालो असं समजून मध्ये येतो आणि दुसरी येऊन धडकते. यावर उपाय गावातल्याच एका शाळकरी मुलाने सुचवला: किती जण आहात ते सांगा. आता पहिला म्हणतो, “सात सायकली आहेत,” आणि सातवा जाताना म्हणतो, “झालं, शेवटची. येतो.”

*दिवे.* पुढचा दिवा लुकलुकता नाही, स्थिर. आणि त्याचा झोत आठ-दहा मीटरवर जमिनीला टेकेल इतका खाली. मागचा लाल दिवा तुकडीतल्या शेवटच्याचाच लुकलुकता, इतरांचा स्थिर.

*समोरून दूधवाला आला तर* पूर्ण तुकडीने ताशी दहाच्या खाली यायचं आणि डाव्या कडेला एका ओळीत जायचं. पुढच्याने हात वर करून मागच्या सायकलवाल्यांना थांबायची खूण करायची. दूधवाल्याने थांबावं अशी अपेक्षाही धरायची नाही. बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या मागेच थांबायचं. डावीकडून घुसायचं नाही, माणसं त्याच बाजूने उतरतात. जनावरं रस्त्यात असतील तर पाय टेकायचे, घंटी वाजवायची नाही, आणि जायचंच झालं तर जनावराच्या पुढून न जाता शेपटीमागून.

गावाच्या हद्दीत कॅमेरे बंद. थांबायचं ते गावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, आणि पाकिटं जर्सीच्या खिशात.

परिणाम

ट्रॅक्टर पुन्हा आडवा आला नाही. वेळेचा हिशेब करायचा तर सव्वा किलोमीटर ताशी २५ ऐवजी १५ ने जायला दोन मिनिटं जास्त लागतात. ज्यावरून गट फुटायची वेळ आली, ती दोन मिनिटं एवढीच होती.

तरी पाच जण गट सोडून गेले. त्यांना सरासरी वेग राखायचा होता. ते आता वेगळे, त्याच रस्त्याने जातात आणि जुन्याच पद्धतीने. गावाला दोन गटांतला फरक कळत नाही. जर्सी आणि हेल्मेट घातलेला प्रत्येक जण ‘ते सायकलवाले’च. फेब्रुवारीत त्यांच्यातल्या एकाने केंद्रापुढे एका दुचाकीला कट मारला, तेव्हा बोलणी या गटाने खाल्ली.

पावसाळ्यात एकदा नियमही कमी पडले. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारे ब्रेक, ओले झाले की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पॅड नुसतं पाणी पुसतात, पकड नंतर येते. उताराच्या तोंडाशी एक जण थांबू शकला नाही आणि थेट हापशाच्या कट्ट्याला जाऊन टेकला. कुणाला लागलं नाही. तेव्हापासून पावसात उताराच्या ५० मीटर आधी ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घेतात.

दूधवाला आता वळणावर दोनदा हॉर्न देतो, म्हणजे तो भरल्या कॅननिशी येतोय. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. त्याने सुरू केलं आणि गटाला अर्थ नंतर कळला.

काय वेगळं करता आलं असतं

घटनेच्या जागी पुढच्या तुकडीला परत बोलवायला हवं होतं. शेवटच्या स्वाराने सर्वात पुढच्याला फोन करायचा आणि सर्वांनी जिथे असतील तिथून परत यायचं, एवढा नियम असता तर पुढचा रविवार कदाचित वेगळा गेला असता. पडल्यावरचा क्रमही आधी ठरलेला हवा: सायकलवरून उतरणं, हेल्मेट-गॉगल काढणं, पायी चालणाऱ्याकडे आधी जाणं, गाडी आणि कॅन उचलायला हात लावणं, नाव आणि फोन देणं. पैशाचा विषय त्या जागेवर फक्त समोरच्याने काढला तर.

गावात जायला ट्रॅक्टरनंतरचा बुधवार उजाडला, म्हणजे घटनेनंतर दहा दिवस गेले. त्याच संध्याकाळी एक जण गेला असता तरी चाललं असतं. खरं तर पहिल्या वर्षीच, काही घडण्याआधी, केंद्राची वेळ विचारायला कुणीतरी जायला हवं होतं. त्या माहितीवर गटाने उशिरा का होईना एक बदल केला: निघायची वेळ वीस मिनिटांनी अलीकडे आणली. आता पहिली तुकडी सहा वीसला गावात शिरते, तेव्हा दूध काढणं चालू असतं आणि केंद्रासमोरची गर्दी व्हायची असते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी अंधार असतो, म्हणून ते दोन महिने हा बदल लागू नाही आणि देऊळ आणि केंद्राजवळचे शंभरएक मीटर सगळे जण सायकल हातात धरून चालत जातात.

आजोबांचा प्रश्न मात्र राहिला आहे. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हे तिसऱ्या भेटीत त्यांच्या सुनेने सांगितलं. घंटी, शब्द, फ्रीव्हीलची कटकट यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यांच्या मागे आलं की तुकडी घंटी वाजवत नाही. सगळे चालण्याच्या वेगाने मागे राहतात, आणि ते केंद्राकडे वळले की मग पुढे जातात.